मायाप्पाची पावडर आणि रांजणाचा तळ

मायाप्पा आधी वासानं यायचा, मग सायकलच्या खडखडाटानं, आणि सगळ्यात शेवटी स्वतः. वास ब्लीचिंग पावडरीचा. सायकलच्या कॅरिअरला पावडरीचा डबा बांधलेला, हँडलला एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मग लटकलेला, आणि अंगात खाकी सदरा, ज्यावर पावडर उडून उडून पांढरे ठिपके पडलेले. मिशी तर बघण्यासारखी होती. पावडर उजव्या हातानं टाकायची आणि त्याच हातानं मिशी पुसायची, त्यामुळे उजवी बाजू तांबूस आणि डावी काळीभोर. गल्लीतली पोरं त्याला ‘दोन मिश्यांचा मामा’ म्हणायची. त्याला राग नाही यायचा. उलट थांबून दोन्ही बाजू दाखवायचा.

सोलापुरात ज्या खात्यात आम्ही दोघं होतो त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यातली बरीच मंडळी अजून पेन्शन खातायत आणि मला या वयात भांडणं नकोत. मायाप्पाचं काम एकच. विहिरी, हौद आणि उन्हाळ्यात हॉटेलांचे, गाड्यांवरचे रांजण, यांत पावडर टाकायची. मी विजयमाला, त्याच खात्यात पाणी तपासायची. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिच्यात एक मायक्रोस्कोप, जंतू वाढवायला एक गरम पेटी, काचेच्या ताटल्या आणि भिंतीवर पाल. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली मी, पण लोक मला ‘ती बाटल्यावाली बाई’ म्हणत. जीभ माझी आधीपासून तिखट. सासरच्यांना हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मायाप्पा मूळचा मंगळवेढ्याकडचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि हा गडी सोलापुरात येऊन रोजंदारीवर लागला. बायको, कस्तुराबाई, गावाकडंच. खात्यात कायम झालो की तिला आणायची आणि शहराबाहेर कुंभारीला एक खोली घ्यायची, असं त्याचं ठरलेलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली कायम होणाऱ्यांत त्याचं नाव आलं, तेव्हा त्यानं आख्ख्या ऑफिसला शेंगाचे लाडू वाटले. ज्या दिवशी वाटले त्या दिवशी साहेब रजेवर होते, तर साहेबांचा लाडू कागदात बांधून टेबलावर ठेवला आणि मुंग्यांनी खाल्ला.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस फार कडक. मी परीक्षानळ्या धुवायला लागले की दारात उभा राहून बघायचा. “बाई, येवडं पाणी बाटल्यांस्नी? बाटल्यांचं काय लगीन हाय का?” चूळ भरायची तर कडुलिंबाच्या बुंध्यात, हात धुवायचे तर कुंडीवर. आणि रांजणाबद्दल तर त्याचा कायदाच होता. रांजण कधी रिकामा करायचा नाही. तळाचं पाणी ठेवायचं, वरून नवं ओतायचं, आणि तो आला की पावडर. बायका ऐकायच्या, कारण खाकी सदरा आणि पावडरीचा वास असलेला माणूस म्हणजे सरकारच. शिवाय नळाला पाणी एक दिवसाआड, मग कोण उपसून टाकतंय?

पूर्व भागात, मागाच्या गल्लीत, सावित्रम्मा अंबिलीची गाडी लावायची. तेलुगू बाई, उंचीला चार फूट, आवाज मात्र आठ फुटांचा. ज्वारीच्या पिठाची अंबील रात्रीच शिजवून ठेवायची आणि सकाळी रांजणातलं गार पाणी, ताक, कांदा, मीठ घालून सरबरीत करायची. मागावर बसलेली माणसं दुपारच्या उन्हात येऊन उभ्याउभ्या दोन-दोन लोटे ढोसायची. रांजण कडुलिंबाखाली वाळूत अर्धा पुरलेला. गारवा असा की दात शिवशिवायचे. मीही प्यायचे. तपासणीच्या नावाखाली.

आणि त्या वर्षी मे महिन्यात गल्लीतले माग एकेक करून बंद पडायला लागले. संप नव्हता, वीजही होती. माणसंच जागेवर नव्हती. जुलाब! जो तो टमरेल घेऊन रांगेत. ज्या गल्लीत खटखटीनं कान किटायचे तिथं “अरे, आत कोण आहे, लवकर ये की बाहेर” एवढंच ऐकू यायचं. आता मी हसते, पण तेव्हा दोघा-तिघांना दवाखान्यात सलाइन लावावं लागलं होतं. चौकशी केली तर आजारी पडलेला प्रत्येक जण सावित्रम्माची अंबील प्यालेला.

आमच्या खात्यात अण्णाराव नावाचा एक इन्स्पेक्टर होता. हा माणूस स्वतःच्या सावलीवरही संशय घ्यायचा. त्यानं डोकं चालवलं. रांजणात पावडर पडत होती, तरी जंतू मेले नाहीत. म्हणजे पावडर पडतच नव्हती. म्हणजे मायाप्पा त्यात चुना मिसळत होता. मग खरी पावडर गेली कुठं? सूत पांढरं करणाऱ्यांकडं! त्यांना हीच पावडर लागते, आणि पूर्व भागात तसली ठिकाणं पावलोपावली. झालं. मेल्यानं चहाच्या टपरीवर उभं राहून हे मोठ्यांदा सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत पोरं ‘दोन मिश्यांचा मामा’ सोडून ‘पावडरचोर’ म्हणायला लागली. साहेबांनी सोमवारी चौकशी ठेवली. तोवर कायम करण्याचा हुकूम थांबला, आणि चोरी ठरली तर रोजंदारीही जाणार होती.

मायाप्पा माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मी नळ्या धूत होते, भरपूर पाणी वापरून. तो काही बोलला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “काम गेलं तर जाऊंद्या. मी पुन्ना मेंढरं राखीन. पर मंगळवेड्याच्या एष्टीचा डायवर आमच्या गावचा हाय. त्यो सांगनार घरला. कस्तुराला कळलं की नवरा चोर निगाला, तर म्या कोणत्या तोंडानं जाऊ?”

मला असा राग आला की हातातली नळी फुटली. म्हटलं, “उठा. डबा घ्या. आत्ताच्या आत्ता जाऊ.”

सावित्रम्माकडं गेलो. रांजणातलं वरचं पाणी घेतलं, त्यात औषधाचा थेंब टाकला. पाणी पिवळंधमक. याचा अर्थ पावडर आहे, चांगली आहे, हवी तेवढी आहे. तेच पाणी ताटलीत घालून गरम पेटीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी ताटली स्वच्छ. एक जंतू नाही. मी नाचायच्या बेतात होते. तर अण्णाराव दारातून म्हणतो, “बाई येणार हे कळल्यावर टाकली असेल की ताजी. आणि पाणी इतकं चांगलं आहे, तर लोकांना काय माझी नजर लागून जुलाब झाले?”

दुष्ट माणूस, पण प्रश्न बरोबर होता. पावडरही खरी आणि जुलाबही खरे, हे दोन्ही एका रांजणात कसं काय राहतंय?

पुन्हा गेले. या वेळी पदर खोचला आणि हात खांद्यापर्यंत रांजणात घातला. “हात लावू नका!” मायाप्पा आणि सावित्रम्मा एकदमच ओरडले. तो म्हणाला, “तळ हालवू नका बाई,” आणि ती म्हणाली, “अय्यो अक्का, मायाप्पानं सांगितलंय, तळ हलवायचा नाही!” पण तोवर माझी बोटं तळाला टेकली होती. तिथं बुळबुळीत, जाड, शेवाळासारखा थर. साबणाची वडी पाण्यात विसरली की कशी होते, तसा. वर्षानुवर्षांचा. रांजण कधी रिकामाच झाला नव्हता, तर घासणार कोण?

तो चिखल बाटलीत घालून आणला आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. आणि काय सांगू! सगळे अमिबा. कॉलेजात एक अमिबा बघायला आम्ही दहा मुली रांग लावायचो, इथं जत्रा भरलेली. सरकतायत, पसरतायत, वाटेत येईल ते गिळतायत. पण एक गोष्ट कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. काहींच्या पोटात बारीक ठिपके होते, आणि ते ठिपके मजेत वळवळत होते. गिळलेले, पण पचलेले नाहीत.

मी मायाप्पाला बोलावून दाखवलं. सांगितलं की हा अमिबा, एका पेशीचा जीव. हात नाही, पाय नाही, तोंडसुद्धा नाही, भूक मात्र दांडगी.

“तोंड न्हाय म्हंता? मंग अण्णारावसायब न्हवं,” मायाप्पा म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

“अमिबा जंतू खातो. पण काही जंतू इतके चिवट, की त्याच्या पोटात जाऊन बसतात, मरत नाहीत. तिथंच खातात, तिथंच वाढतात.”

तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, “आमच्याकडं लांडगा मेंढरू खातोय. हितं मेंढरू लांडग्याच्या पोटात बसून चरतंय म्हना की.”

याच्यापेक्षा चांगलं मला आजही सांगता येत नाही. मग मी त्या थेंबात त्याचीच पावडर कालवून घातली. मोकळे जंतू झटक्यात मेले. अमिबानं मात्र अंग आखडलं, गोळा झाला आणि स्वतःभोवती जाड कवच करून गप्प बसला. उन्हात कासव बसतं तसा. पावडर बाहेर, आणि जंतू आत, कवच आणि अमिबाचं अंग अशा दोन भिंतींच्या आड. नंतर मी ती पावडर धुऊन काढली, ते गोळे काचेच्या कांडीनं चिरडले आणि ताटलीवर पसरले. दुसऱ्या दिवशी ताटलीवर गुलाबी ठिपक्यांचं पीक आलेलं. जिवंत, धडधाकट, पावडरीच्या नाकावर टिच्चून.

म्हणजे होत काय होतं? मायाप्पा पावडर टाकायचा, वरचं पाणी शुद्ध. तळाशी अमिबा कवचात आणि जंतू अमिबात. उन्हानं पावडरीचा जोर ओसरला की अमिबा उघडायचा, जंतू वाढून वाढून त्याला फोडून बाहेर यायचे, आणि दुपारच्या गर्दीत अंबील आणखी पातळ करताना सावित्रम्माचा लोटा खोल जाऊन तळ ढवळायचा. शिजलेल्या चांगल्या अंबिलीत हे सगळं मिसळायचं. तेव्हा हा माझा अंदाज होता, हे कबूल. छातीठोक सांगायला माझ्याकडं कुणाचा आधार नव्हता. पुढं दहा-एक वर्षांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांनी असे प्रयोग करून दाखवले, की अमिबाच्या पोटातले जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत. मी ते वाचलं आणि घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही, आमटी उतू चालली होती.

सोमवार उजाडला. साहेब पुण्याहून बदलून आलेले, सोलापूरच्या उन्हानं रंजीस आलेले. एका बाजूला अण्णाराव, एका बाजूला मी मायक्रोस्कोप कडेवर घेऊन, दारात सावित्रम्मा, आणि मायाप्पा भिंतीला चिकटून. साहेबांनी डोळा लावला.

“बाई, यात एक केस दिसतोय.”

“ती तुमची पापणी आहे साहेब. जरा मागे व्हा.”

मग त्यांना अमिबा दिसला आणि ते लहान मुलासारखे खूष झाले. दोनदा, तीनदा बघितलं. ताटल्या बघितल्या, पिवळं पाणी बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. अण्णाराव मधे बोलायला लागला की मी आवाज चढवायची, एवढं एक मला येतं. शेवटी साहेब म्हणाले, “पावडर खरी होती. चोरी झालेली नाही. मायाप्पा, तुम्ही सुटलात.”

मायाप्पानं भिंत सोडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का येऊ नये?

पण साहेबांचं झालं नव्हतं. “म्हणजे दोष या अंबीलवाल्या बाईचा. वर्षानुवर्षं रांजण घासत नाही म्हणजे काय? गाडी बंद करा. आजपासून.”

आठ फुटांच्या आवाजाच्या सावित्रम्मानं नुसतं मायाप्पाकडं बघितलं. मी मनात म्हटलं, मायाप्पा, तू सुटलायस, आता गप्प बस. तिचं काय ते मी नंतर भांडून बघते.

कुठला गप्प बसतोय! दोन पावलं पुढं आला.

“सायेब, तिचा दोष न्हाय. तिनं दोनदा रांजण उपसाय काडला हुता. म्याच आडवलं. सगळ्या गल्लीला म्याच सांगितलंय, तळ रिकामा करू नगा म्हनून.”

“का पण?” साहेब ओरडलेच.

मायाप्पानं मिशी पुसली. “भात्तर साली आमच्या गावातनं मानसं उटून गेली. जाताना बाया रांजण उपडा करून जायच्या. गल्लीत शिरलं की दारोदारी उपडं रांजण. तवाधरनं मला रिकामा रांजण बगवत न्हाय. पर ते माजं माज्यापाशी ठेवाय पायजे हुतं. त्यापायी म्या समद्या गल्लीला हगाय लावलं.”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, तरी.

“साहेब, कबुली झाली!” अण्णाराव म्हणाला. मी म्हटलं, “कसली? चोरीची? तुमचे कान धुवायला पाठवा माझ्याकडं, पावडर आहे!” साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही.

शेवटी निकाल असा लागला, की सावित्रम्माची गाडी चालू राहील, पण लोकांना चुकीचं शिकवल्याबद्दल मायाप्पाचं कायम होणं एक वर्ष पुढं. आणि त्या भागातले सगळे रांजण त्यानंच उपसून, घासून, वाळवून घ्यायचे. मला या निकालाचा अजून राग येतो. सांगितलं नसतं तर त्याच महिन्यात कायम झाला असता. त्याला राग आला नाही. “बाई, वरीस काय, मेंढराच्या लोकरीवानी पुन्ना वाढतंय,” म्हणाला आणि सायकल काढली.

पहिला रांजण सावित्रम्माचाच. वाळू उकरली, रांजण हलवून हलवून सुटा केला, आणि तो कलंडवायच्या आधी मायाप्पानं कडुलिंबापर्यंत बोटानं पाट काढला, म्हणजे पाणी वाया नको. मग काथ्या आणि विटेची पूड घेऊन आत अर्धा घुसून घासला. रांजण उन्हात उपडा ठेवला, तेव्हा मात्र त्याच्याकडं पाठ करून विडी ओढत बसला. रोज बघून त्याची ही खोड गेली का, तर नाही. त्यानं पुढं हजारदा पाठ फिरवली असेल, पण रांजण एकही सोडला नाही.

दारोदारी जायचा आणि दारातच सांगायचा, “म्या शिकवलेलं चुकीचं हुतं. रांजण रिकामा करा.” मी नमुन्याच्या बाटल्या घेऊन बरोबर असायची. एकदा मी वैतागून म्हटलं, “दर दारात ‘मी चुकलो’ कशाला? खात्याचा हुकूम आहे म्हणा की.”

“हुकूम म्हनलं की बाया म्होरं उपसत्यात अन् आमची पाट फिरली की तळ भरून ठेवत्यात. म्या चुकलो म्हनलं की हसत्यात, अन् घासत्यात.”

आणि खरंच हसायच्या. दोन मिश्यांचा मामा गेला, पावडरचोर गेला, आता पोरं त्याला ‘येडा मायाप्पा’ म्हणायला लागली. गल्लीतले जुलाब थांबले. माग पुन्हा खटखटायला लागले, इतके की मला बोलताना ओरडायला लागायचं, म्हणजे नेहमीसारखंच.

आणि एक दिवस आम्ही सावित्रम्माच्या गाडीपाशी उभे असताना एस.टी. स्टँडकडून एक बाई आली. हातात गाठोडं, कपाळाला आठ्या. मायाप्पाच्या हातातला लोटा तसाच राहिला. कस्तुराबाई! ड्रायव्हरनं बरोबर काम केलं होतं.

ती मायाप्पासमोर उभी राहिली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मिशी दोन्ही बाजूंनी बघितली.

“डायवर म्हनला, तुमी चोर हाय.”

“न्हाय,” मायाप्पा म्हणाला. त्याचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. “चोर न्हाय. बाईंस्नी इचार. येडा हाय.”

“ते मला इचारा की,” कस्तुराबाई म्हणाली. “लग्नापासनं म्हाईत हाय.” आणि नवरा कायम व्हायचं वर्ष-बिर्ष काही न बघता तिनं गाठोडं त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर, पावडरीच्या डब्यावर ठेवलं आणि विचारलं, “खोली कुटं हाय?”